घरी घडवलेल्या विमानाच्या कंट्रोल जोडणीकडे लक्ष द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या शेडमध्ये हलके विमान उभे करणाऱ्या तरुणांच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. कांदिवलीच्या गच्चीवर घडलेले कॅप्टन अमोल यादव यांचे विमान २०२० मध्ये चाचणीसाठी आपल्या धुळ्यातून, गोंदूरच्या धावपट्टीवरून उडाले. तेव्हापासून हा विषय खान्देशाला परका राहिलेला नाही. पण या बातम्यांत इंजिन कोणते, पंखा कशाचा आणि खर्च किती एवढेच असते. पायलटच्या हातातल्या स्टिकपासून शेपटीच्या एलेव्हेटरपर्यंत (नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या पट्टीपर्यंत) हालचाल पोहोचवणारे रॉड, केबल, पुल्या, बेलक्रँक (हालचालीची दिशा बदलणारी तरफ) आणि त्यांना धरून ठेवणारे बोल्ट यांच्याबद्दल एक ओळही नसते. इंजिन बंद पडले तरी हलके विमान तरंगत एखाद्या मोकळ्या शेतात उतरवता येते. एलेव्हेटरचा रॉड सुटला तर पायलटच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. म्हणून या जोडणीचा हिशेब कसा करावा आणि ती कुठे दगा देते, हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात ताकदीच्या हिशेबापासून करावी. रॉड किती जाड घ्यायचा हे डोळ्यांनी ठरवण्याची सवय ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कामात चालून जाते, इथे चालत नाही. सीएस-व्हीएलए या युरोपीय नियमावलीत ७५० किलोपर्यंतच्या अतिहलक्या विमानांसाठी पायलट किती जोर लावू शकतो याचे आकडे ठरवून दिले आहेत. स्टिक मागे-पुढे करताना ७४० न्यूटन, म्हणजे साधारण ७५ किलो. डावी-उजवीकडे ३०० न्यूटन, म्हणजे ३० किलो. रडरच्या (शेपटीच्या उभ्या सुकाणूच्या) पेडलवर ८९० न्यूटन, म्हणजे ९० किलो. ही वरची टोके झाली. हवेच्या दाबाचा हिशेब करून आकडा कमी दाखवता येतो, पण त्या हिशेबावर २५ टक्के चढवावे लागतात आणि एलेव्हेटरसाठी ४५ किलोंच्या खाली मुळीच जाता येत नाही. पहिलेच विमान करणाऱ्याने सरळ ७५ किलो धरावेत. घाबरलेला माणूस दोन्ही हातांनी स्टिक ओढतो तेव्हा तो हिशेब करून ओढत नाही.

आता एक साधे उदाहरण घेऊ. स्टिक जिच्याभोवती फिरते त्या खिळीपासून मूठ ४५० मिमी वर आहे आणि पुशरॉड (ढकलण्या-ओढण्याचा रॉड) खिळीखाली ९० मिमीवर जोडला आहे. तरफेचा पट पाच. मुठीवर ७५ किलो म्हणजे रॉडमध्ये ३७५ किलो. त्याला दीडचा सुरक्षागुणक लावला की ५६२ किलो. एवढा भार रॉडने न वाकता पेलला पाहिजे. ओढताना प्रश्न नसतो. ढकलताना पोकळ नळी तुटण्याआधी बगलेला वाकते, आणि ती पेलू शकते तो भार लांबीच्या वर्गाने घटतो. २५ मिमी बाहेरचा व्यास आणि १ मिमी जाडीची ६०६१-टी६ ॲल्युमिनियमची नळी घेतली, तर नळी किती भाराला वाकेल हे सांगणाऱ्या ऑयलरच्या सूत्राने १ मीटर लांबीला ती सुमारे ३७७ किलोंवर वाकते. २ मीटरला अवघ्या ९४ किलोंवर. म्हणजे हातात घेतल्यावर भक्कम वाटणारी ही नळी १ मीटर लांबीलासुद्धा नापास आहे. तीच जाडी ठेवून व्यास ३२ मिमी केला तर १ मीटरला ८१३ किलो मिळतात, आणि वजन मीटरमागे फक्त ६० ग्रॅमनी वाढते. पण हीच नळी १२० सेंटिमीटरला ५६५ किलोंवर येते, म्हणजे अगदी काठावर. शिवाय नळी थोडी जरी बाकदार असेल तर सूत्राचा आकडासुद्धा मिळत नाही. त्यामुळे दोन-अडीच मीटरचे अंतर एकाच रॉडने कधीच गाठू नये. मध्ये झुलता आधार द्यावा आणि रॉडचे तुकडे मीटरच्या आत ठेवावेत. जाडी वाढवण्यापेक्षा व्यास वाढवणे नेहमी स्वस्त पडते.

रॉड पास झाला म्हणून काम संपले नाही. बहुतेक ठिकाणी आधी वाकते ती बेलक्रँक धरणारी पट्टी. ९० अंशांत दिशा बदलणाऱ्या, दोन्ही हात सारखे असलेल्या बेलक्रँकमध्ये दोन्ही रॉडांत ३७५ किलो असतील, तर मधल्या खिळीवर त्याच्या १.४१ पट, म्हणजे ५३० किलो येतात. खिळीच्या दोन बाजूंना हात असलेल्या सरळ तरफेत तर थेट दुप्पट. उलट ज्या झुलत्या आधारात दोन्ही रॉड एकाच टोकाला जोडलेले असतात, त्याच्या खिळीवर फारच कमी भार येतो. हे लक्षात घेऊन रचना केली तर कितीतरी ग्रॅम आणि काळजी वाचते. बेलक्रँकची खिळी दोन्ही बाजूंनी धरलेली हवी. पातळ प्लायच्या रिबवर (सांगाड्याच्या फासळीवर) एका बाजूने बोल्ट मारून बेलक्रँक लोंबकळत ठेवली, की स्टिक ओढताना रिबच वाकते आणि एलेव्हेटर जागचा हलत नाही. जमिनीवर भार नसताना सगळे छान फिरते, म्हणून ही चूक हवेत जाईपर्यंत दिसत नाही.

हालचालीचे गणितही याच वेळी करावे. स्टिक १५ अंश झुकली तर ९० मिमीवरचा जोड २३ मिमी सरकतो. एलेव्हेटर २५ अंश वळायला हवा असेल तर त्याचा हॉर्न, म्हणजे रॉड जोडायचा हात, ५५ मिमीचा लागतो. शेपटीत जागा नाही म्हणून कोणी तो ४० मिमीचा केला, तर तेवढ्याच स्टिकला एलेव्हेटर ३५ अंशांपर्यंत जाईल. विमान हाताला नको इतके तिखट लागेल आणि प्रत्येक जोडातला प्लेही (मोकळी ढिलाई) जास्त मोठा होऊन दिसेल. एलेरॉनला (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्यांना) वर जाणारी बाजू जास्त आणि खाली येणारी कमी, उदाहरणार्थ वर २५ आणि खाली १५ अंश, अशी ठेवावी. नाहीतर वळताना नाक उलट्या दिशेला ओढले जाते. हा फरक बेलक्रँकच्या हाताचा कोन मध्यस्थितीत ९० अंशांपासून थोडा हलवून साधतो. आधी पुठ्ठ्यावर टाचण्या लावून खऱ्या मापाचा नमुना करावा आणि दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावा. एखादा हात रॉडशी जवळजवळ एका रेषेत येत असेल तर तिथे जोडणी अडकून उलटण्याचा धोका असतो.

प्लेबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण लेथवर काम करणाऱ्या चांगल्या कारागिराकडूनही इथे चूक होते. ५ मिमीच्या बोल्टसाठी ५.२ मिमीचे भोक हे गेटच्या बिजागरीला उत्तम काम आहे. विमानात स्टिकपासून एलेव्हेटरपर्यंत असे सहा जोड धरा. प्रत्येकी ०.२ मिमी म्हणजे १.२ मिमी. ५५ मिमीच्या हॉर्नवर हे १.२ मिमी आले की ३०० मिमी रुंद एलेव्हेटरची मागची कड साडेसहा मिलिमीटर मोकळी हलते. बोटाने हलवली तर टक-टक आवाज येतो. वेग वाढल्यावर हीच मोकळी कड फडफडू लागते. त्याला फ्लटर म्हणतात आणि तो काही सेकंदांत शेपूट मोडू शकतो. म्हणून भोक आधी लहान ड्रिलने पाडून मग रीमरने मापात आणावे, फिरत्या जागी ब्राँझचे बुश किंवा बॉल बेअरिंग बसवावे आणि बोल्टचे आटे बेअरिंगच्या आत कधीही येऊ देऊ नयेत. आटे कानशीसारखे घासतात आणि लवकरच भोक लंबगोल होते. साध्या बुशात खिळी फिरत असेल, तर मऊ धातूच्या दाबाच्या ताकदीवर ३.३३ चा जादा गुणक लावायला नियम सांगतात; केबलच्या सांध्यांना २ चा. हे आकडे झिजेचा विचार करून ठरवलेले आहेत, ते गाळू नयेत. प्ले कमी केला तरी एलेरॉन-एलेव्हेटरचा वजनतोल हिंजरेषेवर आणणे टळत नाही. ते काम वेगळे आणि तितकेच गरजेचे आहे.

रॉड एंड म्हणजे टोकाला गोळी असलेला सांधा. तो फक्त सरळ ओढण्या-ढकलण्यासाठी असतो. त्याच्या आट्यांवर आडवा भार आला की मानेत तुटतो. नळीत आटे व्यासाच्या किमान दीडपट गेले पाहिजेत. त्यासाठी नळीला बारीक भोक ठेवतात आणि त्यातून तार घालून पाहतात. तार आरपार गेली तर रॉड एंड पुरेसा आत नाही. वरून लॉकनट. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: बाहेरच्या बाजूला मोठा वॉशर. गोळी निखळली तरी रॉड एंडचे कडे त्या वॉशरला अडून जागेवर राहते. दोन-तीन ग्रॅमचा तुकडा आहे, पण तो नसेल तर रॉड पूर्ण सुटतो.

केबल वापरायची तर मुख्य कंट्रोलसाठी ३.२ मिमी, म्हणजे १/८ इंचापेक्षा बारीक केबल अमेरिकी नियमांनी वर्षानुवर्षे नाकारलेली आहे. घडण ७×१९ ची हवी, म्हणजे सात पेड आणि प्रत्येकात १९ तारा. तीच पुलीवर मऊपणे वळते. गॅल्व्हनाइज्ड केबलची तुटण्याची ताकद किमान ९०७ किलो, स्टेनलेसची सुमारे ८०० किलो. मोटारसायकलची क्लच वायर, विहिरीवरची तारदोरी किंवा मांडवाची तार यांपैकी काहीही इथे चालणार नाही, कितीही जाड असले तरी. त्यांच्या तारेचा दर्जा, पेडांची घडण आणि टोकाची पकड यांची कोणतीच खात्री नसते.

टोकाच्या फासात थिंबल (केबल चिरडू नये म्हणून धातूची खाच) घालून तांब्याची अंडाकृती स्लीव्ह दाबतात. ३.२ मिमीच्या केबलला तीन दाब: आधी मधला, मग थिंबलकडचा, शेवटी मोकळ्या टोकाकडचा. हा क्रम बदलला तर थिंबल ढिले राहते किंवा स्लीव्ह वाकडी होते. दाब दिल्यावर गो-नोगो गेजने (ठरलेल्या मापाच्या खाचेच्या पट्टीने) प्रत्येक दाब तपासायचा. गेज सरकला नाही तर हत्याराचा जबडा पुन्हा जुळवायचा. हातोड्याने चेपलेली स्लीव्ह बाहेरून सारखीच दिसते, पण तिच्यातून केबल कमी भारालाच घसरते. यू-क्लिप तर वापरूच नयेत. त्या पेड चिरडतात आणि इंजिनच्या थरथरीने ढिल्या होतात.

पुली केबलच्या व्यासाच्या किमान २० पट ठेवावी, म्हणजे ६४ मिमी किंवा जास्त. ती केबलच्या प्रतलातच बसली पाहिजे. तिरकी बसली तर केबल कडेला घासून दोन्ही खराब होतात. प्रत्येक पुलीला केबल सुटू नये म्हणून अडसर हवाच, आणि त्याची फट केबलच्या जाडीपेक्षा कमी. फेअरलीडने (केबलला वाट दाखवणाऱ्या भोकाच्या ठोकळ्याने) केबलला ३ अंशांपेक्षा जास्त वळण देऊ नये; तिथे पुलीच लावावी. टर्नबकलच्या (केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या आट्यांच्या सांध्याच्या) नळीबाहेर दोन्ही बाजूंना तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत आणि तार बांधून तो पक्का करावा.

इथे आपल्या भागाच्या हवेचा प्रश्न येतो, जो परदेशी नकाशांत कोणी लिहीत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि जानेवारीच्या पहाटे धुळ्यात एक आकडी होतो. म्हणजे ४० अंशांचा फरक सहज. ॲल्युमिनियमच्या ४ मीटरच्या सांगाड्यात हा फरक आला की सांगाडा ३.७ मिमी लांबतो, पोलादी केबल १.९ मिमी. उरलेले १.८ मिमी केबलला ओढतात आणि ताण खूप वाढतो. स्टिक जड होते, पुलीच्या पट्ट्यांवर भार येतो. लाकडी सांगाड्यात उलट घडते. लाकूड फारसे लांबत नाही, केबल लांबते, आणि सव्वा मिलिमीटरच्या आसपास ढिलाई येते. लहान विमानांत केबलचा ताण साधारण १५ ते २० किलो ठेवतात. लाकडी सांगाड्यात थंडीत पहाटे लावलेला हा ताण उन्हाळ्याच्या दुपारी जवळजवळ निघून जाऊ शकतो. म्हणून ताण मोजताना तापमानाची नोंद करावी, ऋतू बदलला की पुन्हा मोजावा, आणि पोलादी केबल ज्या धातूच्या सांगाड्यात आहे तो पोलादी नळ्यांचा असेल तर ही डोकेदुखी बरीच कमी होते हे आराखड्याच्या वेळीच ध्यानात घ्यावे. पूर्ण पुशरॉडची जोडणी केली तर ताणाचा प्रश्नच राहत नाही. मात्र लांबी बदलल्याने एलेव्हेटरची मध्यस्थिती थोडी सरकते, ती तपासावी.

दुसरा त्रास धुळीचा आणि माशांचा. जिनिंगच्या हंगामात कापसाचे बारीक तंतू आणि उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ तेलकट बेअरिंगवर बसली की तिची घासपावडर होते. टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या रॉड एंडला तेल मुळीच लावू नये. ज्याला ग्रीस लागते त्याचे जुने ग्रीस पुसून मगच नवे भरावे. कुंभारीण माशी चार-सहा दिवस उभ्या असलेल्या विमानाच्या पंखात बेलक्रँकच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधते. वाळल्यावर ते चांगलेच टणक होते आणि हालचाल मधेच अडते. प्रत्येक बेलक्रँकसमोर हात आणि टॉर्च जाईल एवढे झाकण ठेवले नसेल तर हे दिसणारच नाही. ज्या जोडापर्यंत डोळा पोहोचत नाही तो जोड आराखड्यातून काढून टाकावा, असे आमचे ठाम मत आहे.

बोल्टबद्दल थोडक्यात. डोके वर किंवा पुढे, म्हणजे नट गळाला तरी बोल्ट वजनाने जागेवर राहतो. फिरत्या सांध्याला नुसता नायलॉक नट पुरत नाही. कॅसल नट (खाचांचा नट) आणि त्याच्या खाचेतून स्प्लिट पिन हवी. पिन एकदाच वापरायची. हार्डवेअरच्या दुकानातल्या खोक्यातले बिनखुणेचे बोल्ट इथे लावू नयेत.

जोडणी पूर्ण झाली की तीन गोष्टी कराव्यात. एलेव्हेटर, एलेरॉन आणि रडर मध्यस्थितीत लाकडी शिकंज्यात घट्ट धरा आणि स्प्रिंगकाट्याने स्टिक ७५ किलोंनी दोन्ही दिशांना ओढा. आडवी ३० आणि पेडल ९० किलोंनी. त्या वेळी दुसऱ्या माणसाने आत टॉर्च मारून कोणती पट्टी वाकते, कोणता रॉड कशाला टेकतो हे पाहावे. स्टिकचा चौथा हिस्सा प्रवास नुसत्या वाकण्यात जात असेल तर आधार मजबूत करा. मर्यादेचे अडसर एलेव्हेटर-एलेरॉनपाशी हवेत. ते फक्त स्टिकपाशी असतील तर मधली ढिलाई त्यांना चुकवून जाते. मग दिशा तपासा. स्टिक मुठीत धरून अंगठा वर करा आणि डावीकडे झुकवा. अंगठा ज्या पंखाकडे कलतो त्याचा एलेरॉन वर गेला पाहिजे. हे पोरखेळासारखे वाटेल, पण २०१८ मध्ये पोर्तुगालमध्ये दुरुस्तीनंतर उडालेल्या एका एम्ब्रेअर जेटमध्ये एलेरॉनच्या केबल उलट जोडलेल्या निघाल्या आणि वैमानिकांना ते विमान जेमतेम उतरवता आले. शिकलेल्या तंत्रज्ञांकडून हे घडते. म्हणून डाव्या-उजव्या केबलची टोके वेगवेगळ्या मापाची ठेवावीत, म्हणजे उलट जोडताच येणार नाहीत, आणि ज्याने जोडणी केली नाही अशा दुसऱ्या माणसाने ती स्वतंत्रपणे तपासून सही करावी. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानगीशिवाय उड्डाण करायचे नाही हे तर उघडच आहे.

शेवटी एक विनंती. जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबार येथील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतनांत ओढून तोडून ताकद मोजणारी यूटीएम मशीन आहेत. महिन्यातला एक दिवस त्यांनी अशा विमान घडवणाऱ्यांसाठी ठेवावा. प्रत्येक केबल गुंडाळीतून दोन्ही टोकांना स्लीव्ह दाबलेले तीन नमुने आणावेत आणि तुटेपर्यंत ओढावेत. केबल अंगात तुटली आणि आकडा गॅल्व्हनाइज्डला ९०७, स्टेनलेसला ८०० किलोंच्या वर गेला तर दाब बरोबर आहे. स्लीव्हमधून घसरली तर हत्यार पुन्हा जुळवावे. विमानात बसवायची प्रत्येक केबल ताकदीच्या ६० टक्क्यांपर्यंत, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड असेल तर ५४० किलोंपर्यंत, हळूहळू ओढून मगच लावावी. नमुना ओढताना समोर जाड प्लायचा आडोसा ठेवावा, कारण तुटलेली केबल चाबकासारखी उसळते. आपल्या वर्तमानपत्राने ही मागणी महाविद्यालयांपर्यंत पोहोचवावी.

आपले,
विमानदुरुस्ती आणि यंत्रकाम करणारे काही वाचक,
जळगाव-धुळे